पावसाआधी रातांबे उतरवा, मादी झाडं खुणावून ठेवा

मेचा दुसरा पंधरवडा म्हणजे कोकणात रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची घाई. वळवाच्या सरी सुरू झाल्या की पिकलेली फळं सडायला लागतात आणि ढगाळ हवेत सोलांना, म्हणजे वाळत घातलेल्या सालींना बुरशी येते. सगळं झाड लाल होईपर्यंत थांबू नका. पूर्ण लाल झालेली फळं दर दोन-तीन दिवसांनी उतरवून घ्या. काठीने झोडपलंत तर फळं फुटून रस मातीत जातो, आणि आमसुलाला तोच रस हवा असतो. सालं त्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. रंग आणि आंबटपणा त्यातूनच चढतो. भांडी स्टीलची वापरा, अ‍ॅल्युमिनियमला हा आंबट रस खातो. बिया धुऊन सुकवा, त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल होतं.

या हंगामातलं खरं महत्त्वाचं काम मात्र वेगळं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. कोकमात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. बियांपासून लावलेल्या बागेत साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. आत्ता झाडांवर फळं आहेत, तर लवकर पिकणाऱ्या, मोठ्या आणि जाड सालीच्या फळांच्या झाडांना रंगाचा पट्टा मारा. पुढे कलमांच्या काड्या याच झाडांच्या घ्यायच्या. नर झाडं सरसकट तोडू नका. परागीभवनासाठी बागेत दहा टक्के तरी नर हवेतच.

नवी लागवड करायची तर खड्डे आताच खणून घ्या: दोन-दोन फूट लांब, रुंद, खोल, आणि दोन झाडांत वीस फूट अंतर. नारळ-सुपारीच्या सावलीतही कोकम चांगलं येतं. जून-जुलैत मृदुकाष्ठ कलमं, म्हणजे कोवळ्या काडीची कलमं लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती खात्रीच्या आहेत. रोपवाटिकेत कलम निवडताना शेंडा बघा. सरळ वर जाणारा असेल तरच घ्या. आडव्या फांदीच्या काडीचं कलम जमिनीलगत पसरत राहतं, त्याचं झाड उभं करताना जीव मेटाकुटीला येतो.

कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, शेजारी काठी रोवून सैल बांधा. जोडाखाली फुटवा दिसला की लगेच खुडा, नाहीतर कलम मागे पडून मूळचं रोपच वाढतं.