सिनेमा शेवटाकडून शिका

सिनेमात येऊ पाहणारी मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. माझं सांगणं मात्र एकच असतं: आधी दुसऱ्याचा तयार सिनेमा लोकांपर्यंत नेण्याचं काम करा. मी तशीच शिकले, आणि नव्याने येणाऱ्याला यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही.

सुरुवात फिल्म सोसायटीपासून झाली. खेळाआधी प्रत तपासायची, सबटायटल्स दिसतात ना ते बघायचं, मग अंधारात मागे उभं राहायचं. प्रेक्षक कुठे चुळबुळ करतो आणि कुठे पुढे सरकून बसतो, हे तिथून स्वच्छ कळतं. पटकथेच्या वर्गात हे कोणी शिकवू शकत नाही.

पुढे एका छोट्या मराठी सिनेमाच्या प्रदर्शनात हिशेबाचं काम मिळालं आणि खरं शिक्षण तिथे झालं. दोनशे रुपयांचं तिकीट घ्या. त्यातून १८ टक्के जीएसटी गेला की साधारण १७० उरतात. २००९च्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात निर्माते-वितरकांचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, मग आठवड्यागणिक ४२.५, ३७.५ आणि ३० असा ठरला होता. तो धरला तर पहिल्या आठवड्यातसुद्धा आपल्या बाजूला ८५ रुपये येतात. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च आणि जाहिरात. म्हणजे वाटा घसरायच्या आत, पहिल्या आठवड्यातच माणसं यायला हवीत. शुक्रवार-शनिवारी थिएटर रिकामं राहिलं, तर सोमवारी शो उतरतात. चांगल्या सिनेमाची चर्चा व्हायला दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस तो टिकतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वेळेचंही तेच. २०१५ साली मराठी सिनेमाला प्राइम टाइम देण्याचा नियम आला, पण शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. सव्वाबाराच्या शोला नोकरदार माणूस कसा येणार? म्हणून शोची यादी हातात आली की आकड्याआधी वेळा वाचायची सवय लावा.

महोत्सवांचा रस्ता वेगळा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत होती. २०१४च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाले आणि आपल्याकडे तो एप्रिल २०१५ मध्ये लागला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला, प्रदर्शन सप्टेंबरमध्ये झालं. मधले सात-आठ महिने रिकामे नसतात. महोत्सव, वितरक, सेन्सॉर, तारीख अशी एकेक गाठ सोडवावी लागते, आणि तोवर पैसे पुरवायचे असतात. बजेट करतानाच ही रक्कम बाजूला ठेवा. शासनाचं अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. त्याच्या भरवशावर शूटिंग सुरू करू नका.

मोठ्या महोत्सवांना जागतिक प्रीमियर आपल्याकडे व्हावा असं वाटतं, त्यामुळे सिनेमा आधी कुठे दाखवायचा हे विचारपूर्वक ठरवा. उत्साहाच्या भरात यूट्यूबवर टाकलेला सिनेमा अनेक ठिकाणी प्रवेशिकेलाच अडतो. पार्श्वभूमीला वाजणाऱ्या जुन्या गाण्याचे हक्कही शूटिंगआधीच मिटवा. नंतर मालक शोधत बसलात, तर सिनेमाच्या विक्रीचा करार तिथेच थांबतो.

गोव्यात नोव्हेंबरमध्ये इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार (आता ‘वेव्ज फिल्म बाजार’) भरतो, २००७ पासून. तिथल्या व्ह्यूइंग रूममध्ये महोत्सवांचे निवडकर्ते आणि खरेदीदार सिनेमे बघतात, वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमध्ये अर्धवट संकलनावर अनुभवी माणसं बोलतात. प्रतिनिधी शुल्क नवख्याला जड जातं, हे खरं. मग एखाद्या निर्मात्याचा सहायक म्हणून जा: भेटींच्या वेळा लावा, बैठकीत टिपणं घ्या. समोरचा माणूस कथेआधी काय विचारतो ते ऐका. बहुतेकदा तो विचारतो, पैसे किती जमलेत आणि किती हवेत.

पुण्यात असाल तर पिफला, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला स्वयंसेवक व्हा. तो साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतो. प्रिंट विभागात काम मागा. डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत कधी येते, केडीएम, म्हणजे ती प्रत उघडणारी डिजिटल किल्ली कोणत्या वेळेपासून चालू होते, खेळ अडला तर रात्री कोणाला फोन करायचा, हे सगळं तिथे हाताखालून जातं.