निलंबनाचं पत्र काढण्याआधी: शिस्त समितीने या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या माझ्या घरी खो-खो खेळणारा एक मुलगा आईला घेऊन आला. तिच्या पिशवीत गुजरातीत टाइप केलेलं अडीच ओळींचं पत्र होतं. गैरवर्तनाबद्दल एक वर्ष निलंबन, खाली सही-शिक्का. कोणतं गैरवर्तन, कोणत्या सामन्यात, याबद्दल एक अक्षर नाही. सुनावणीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री पावणेअकराला आला होता आणि सुनावणी सकाळी दहाची. मुलगा पोचेपर्यंत ती आटोपलीही होती.

पंचांना धक्का दिल्याचं मुलाने माझ्यासमोर कबूल केलं. तरीही हे पत्र टिकणारं नव्हतं. मी स्वतः क्रीडा संघटनांच्या शिस्त समित्यांवर बसलो आहे, म्हणून कळकळीने सांगतो: गुन्हा खरा असला तरी रीत चुकली की शिक्षा कोसळते.

सुरुवात नोटिशीपासून करा. तारीख, सामना, नेमका आरोप, कोणता नियम मोडला आणि कोणती शिक्षा होऊ शकते, एवढं त्यात हवंच. पंचांचा अहवाल किंवा व्हिडिओ वापरणार असाल तर त्याची प्रत सोबत द्या. उत्तराला निदान सात दिवस द्या. मुलं शाळा-कॉलेजात असतात, त्यांना कोणाला तरी विचारावं लागतं. लगेच मैदानाबाहेर ठेवणं गरजेचंच असेल तर निलंबन तात्पुरतं करा आणि सुनावणीची तारीख त्याच पत्रात लिहा.

सगळ्यात जास्त घात होतो तो समितीत कोण बसतं यावरून. आपल्याकडे तेच पाच-सहाजण निवड समितीत, तेच प्रशिक्षक, तेच शिस्त समितीत. ज्यांनी तक्रार केली तेच निकालाला बसतात आणि विचारलं तर म्हणतात, ‘मी तेव्हा बाहेर गेलो होतो.’ बाहेर जाऊन भागत नाही. वनसेवेच्या निवडीचं क्रैपक प्रकरण 1969 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. निवड मंडळातले एक अधिकारी स्वतःच उमेदवार होते. स्वतःच्या नावाची चर्चा झाली तेव्हा ते बसले नव्हते, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर मत देत होते. निवड रद्द झाली. तक्रारदार, साक्षीदार आणि मुलाचा प्रशिक्षक या तिघांना सुरुवातीपासूनच बाजूला ठेवा. गावात माणसं कमी पडत असतील तर दुसऱ्या खेळातला जुना खेळाडू किंवा एखादा निवृत्त शिक्षक बोलवा.

कारणं निकालपत्रातच लिहा. प्रकरण कोर्टात गेल्यावर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयात मोहिंदरसिंग गिल प्रकरणात 1977 सालीच ठरलं आहे. मुलाने काय उत्तर दिलं आणि ते का पटलं नाही, हे दोन परिच्छेदांत लिहायला अर्धा तास लागतो.

‘आमची खासगी संस्था, कोर्टाचा काय संबंध?’ हा गैरसमज सोडा. क्रिकेट नियामक मंडळ घटनेच्या कलम 12 खालचं ‘राज्य’, म्हणजे सरकारी यंत्रणेसारखी संस्था, नाही असं 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरलं, पण त्याच निकालाने कलम 226 खाली, म्हणजे रिट अर्जासाठी, उच्च न्यायालयाचं दार उघडं ठेवलं. क्रिकेटपटू अझरुद्दीनवरची मंडळाची 2000 सालची आजीवन बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 2012 मध्ये बेकायदा ठरवली. शिक्षेचं प्रमाणही पाहावं लागतं. क्रिकेटपटू श्रीशांतच्या बाबतीत 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून आजीवन बंदीचा फेरविचार करायला लावला आणि ती सात वर्षांवर आली.

चूक होऊन गेली असेल तर मागच्या तारखेचे कागद तयार करू नका. आदेश लेखी मागे घ्या, नवी नोटीस द्या आणि आधी न बसलेल्या माणसांपुढे पुन्हा सुनावणी घ्या.

त्या मुलाच्या बाबतीत अखेर तसंच झालं. दुसऱ्यांदा आलेलं पत्र दीड पानांचं होतं. त्यात सामना होता, नियम होता, त्याची कबुलीही होती, आणि शिक्षा तीन महिन्यांची. अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं, हे शेवटच्या ओळीत होतं. त्याने अपील केलं नाही.