मशीनवर हात गेला, तर ईएसआयचा हक्क कागदावर कसा पक्का करायचा

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर) बोट गेलं की कामगाराला उचलून जवळच्या हॉस्पिटलात नेतात. तिथे डॉक्टर विचारतात, "काय झालं?" या प्रश्नाला मिळालेलं उत्तर केस पेपरवर चढतं आणि त्या एका ओळीवर पुढची कित्येक वर्षं अवलंबून असतात. "कंपनीत प्रेस मशीनमध्ये हात सापडला" असं लिहिलं गेलं, तर ती कामावरची दुखापत. "घरी दारात बोट चेमटलं" असं लिहिलं गेलं, तर तो साधा आजार. जखम तीच राहते, ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून चालणारी सरकारी योजना) मिळणारा पैसा मात्र पार बदलतो.

हिशेब करून बघा. कामगाराची रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये धरू. साध्या आजारपणात ईएसआय ७० टक्के देते, म्हणजे दिवसाला ४२० रुपये. पहिले दोन दिवस सहसा सोडून, आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरच्या दुखापतीत ९० टक्के मिळतात, म्हणजे ५४० रुपये, आणि डॉक्टर कामावर जायला योग्य ठरवेपर्यंत मिळत राहतात. त्याला ९१ दिवसांची मर्यादा नाही. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम बंद असलं पाहिजे, एवढीच अट. शिवाय बोट कायमचं गेलं असेल तर आयुष्यभराची पेन्शन. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेल्यास कमावण्याच्या क्षमतेचं नुकसान १४ टक्के धरलं आहे, अंगठा गेल्यास ३० टक्के. तर्जनीचा हिशेब ५४० च्या १४ टक्के, म्हणजे दिवसाला ७५ रुपये ६० पैसे. महिन्याला साधारण २,२६८ रुपये, हयात असेपर्यंत. "घरी लागलं" असं लिहिणाऱ्याला या पेन्शनमधला एक रुपयाही मिळत नाही.

तरी लोक तसं लिहून देतात, कारण मालक किंवा ठेकेदार सांगतो, "कंपनीचं नाव घेऊ नकोस, खर्च सगळा मी करतो." मशीनला गार्ड नव्हता, सेन्सर बंद करून ठेवला होता, कामगाराची नोंदणीच झाली नव्हती, अशा गोष्टी बाहेर येण्याची त्याला भीती असते. तो हॉस्पिटलचं बिल भरेलही. पण पेन्शन तो देणार नाही, आणि सहा महिन्यांनी त्याचा फोनही लागणार नाही. जखमी माणूस वेदनेत असतो, त्यामुळे हे सोबत गेलेल्या सहकाऱ्याने लक्षात ठेवायचं: डॉक्टरांना वेळ, जागा, मशीन आणि कसं लागलं हे खरं खरं सांगायचं, आणि केस पेपरवर काय लिहिलं ते तिथेच वाचून घ्यायचं. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून मागायची. नंतर बदललेल्या नोंदीवर कोणीही शंका घेतो.

अपघाताच्या आधीच बघून ठेवायच्या गोष्टी

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयमध्ये येतात. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १८,००० पगार असेल तर तुमचे १३५ आणि मालकाचे ५८५, मिळून ७२० रुपये दर महिन्याला जमा व्हायला हवेत. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ही रक्कम भरायची असते.

पगार स्लिपवर कपात दिसते म्हणून पैसे भरले गेलेच असं समजू नका. कपात होते आणि भरणा होत नाही, ही ठेकेदारांकडची सर्रास आढळणारी लबाडी आहे. तुमचा १० आकडी विमा क्रमांक (कामगार त्याला आयपी नंबर म्हणतात) घेऊन ईएसआयसीच्या (ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या) संकेतस्थळावर लॉगिन करा. तिथे महिन्यागणिक किती दिवसांची वर्गणी भरली ते दिसतं. २६ दिवस काम केलं आणि तिथे १२ दिवस दिसत असतील, तर आजच विचारा. ठेकेदार पळून गेला तरी घाबरायचं कारण नाही: ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यामुळे तुम्ही नक्की कोणत्या कंपनीच्या गेटमधून आत जाता याचा पुरावा, म्हणजे गेट पास, हजेरीचा फोटो किंवा व्हॉट्सअॅपवर आलेला शिफ्टचा मेसेज, जपून ठेवा.

त्याच वेळी ई-पहचान कार्डावरचं (ईएसआयच्या ओळखपत्रावरचं) नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील (त्यांचं उत्पन्न महिन्याला ९,००० पर्यंत असेल तर) यांची नावं चढली आहेत का, दवाखाना घराजवळचा आहे का की कंपनीने कुठलातरी लांबचा टाकला आहे, आणि बँक खातं बरोबर आहे का, हेही तपासा. सगळे पैसे खात्यातच येतात. आधारवर "संतोष" आणि कार्डावर "संतोषकुमार" असेल तर एवढ्याने दावा अडकून पडतो.

एक गोष्ट नव्या कामगारांना कोणी सांगत नाही. साध्या आजाराचे पैसे मिळायला सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे नवा माणूस आजारी पडला तर पहिले काही महिने त्याला उपचार मिळतात, पैसे मिळत नाहीत. कामावरच्या दुखापतीला ही अट अजिबात नाही. पहिल्या दिवशी, पहिल्या तासात अपघात झाला तरी हक्क आहे. मात्र अपघात सकाळी आणि नोंदणी त्याच संध्याकाळी, असं दिसलं की चौकशी लागते आणि पैसे लांबतात. म्हणून रुजू होताच आयपी नंबर मागून घ्या.

पगार वाढून मधेच २१,००० च्या वर गेला तर त्या सहामाहीच्या शेवटपर्यंत तुम्ही ईएसआयमध्येच राहता. मर्यादेच्या वर असलेल्या कामगाराला अपघाताची भरपाई थेट मालकाकडून मागावी लागते. त्यासाठी कामगार वकील किंवा युनियन गाठा. ईएसआयमध्ये असलेल्या माणसाला त्याच दुखापतीसाठी ती भरपाई वेगळी मागता येत नाही.

अपघात झाल्यावर

जवळ जे हॉस्पिटल असेल तिथे न्या. जीव महत्त्वाचा, खासगी हॉस्पिटलात भरती केल्याने हक्क जात नाही. फक्त त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईएसआय दवाखान्याला किंवा पॅनेल डॉक्टरला कळवा, आणि तातडी होती हे लिहिलेलं पत्र, मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड असं सगळं जमा करा. बिलाच्या नुसत्या झेरॉक्सवर परतावा मिळत नाही. तातडी संपल्यावरचा उपचार ईएसआय हॉस्पिटलात किंवा त्यांनी रेफर लेटर दिलेल्या टाय-अप हॉस्पिटलात (ईएसआयशी करार असलेल्या खासगी हॉस्पिटलात) करा. रेफर लेटरशिवाय टाय-अपमध्ये गेलात तर तेही तुम्हाला साधा खासगी पेशंट समजून बिल लावतात.

कंपनीत अपघाताची नोंदवही असते, नमुना ११. त्यात नोंद झाली पाहिजे. अपघाताची खबर तोंडी देता येते आणि जखमीच्या वतीने कोणीही देऊ शकतो, पण ती लेखीच द्या: एका कागदावर तारीख, वेळ, मशीन, लाइन नंबर, कोणी पाहिलं, कुठे लागलं. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. सुपरवायझर सही करत नसेल तर त्याच क्षणी कंपनीच्या ई-मेलवर किंवा एचआरच्या व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा.

मालकाने नमुना १२ मध्ये अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयाला द्यायचा असतो. तो दिला का हे शाखा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. दिला नसेल तर तुमची लेखी तक्रार द्या. शाखा कार्यालय कंपनीकडून अहवाल मागवू शकतं आणि स्वतः चौकशीही करू शकतं. अशा चौकशीत दोन सहकाऱ्यांची साक्ष आणि पहिल्या दिवशीचा केस पेपर खूप उपयोगी पडतात. सहकारी नोकरीच्या भीतीने मागे हटतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांच्याशी बोला.

घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरतात. इथे पोलिसांचा पंचनामा, शिफ्टची वेळ आणि नेहमीचा रस्ता हे तीन पुरावे लागतात. वाटेत मित्राकडे दोन तास थांबून निघालात तर हा संबंध तुटतो.

मग ईएसआय डॉक्टरकडून घ्यायच्या दाखल्यांचं काम. पहिला दाखला, मधले दाखले, शेवटी कामावर जाण्यास योग्य असल्याचा दाखला. पैसे दाखल्यांच्या तारखांवर निघतात, त्यामुळे दोन दाखल्यांमध्ये एक दिवसाचीही फट राहू देऊ नका. १२ तारखेला दाखला संपला आणि तुम्ही १५ ला गेलात, तर मधले दिवस अडकतात. सुट्टी आणि रविवार बघून एक दिवस आधीच जा. दाखला चालू असताना कंपनीत जाऊन "हलकं काम" करू नका. हजेरी लागली की त्या दिवसाचे पैसे बंद, आणि खोटा दावा केल्याचा ठपका वेगळा.

मेडिकल बोर्डासमोर

जखम भरली आणि शेवटचा दाखला मिळाला की बरेच जण कामावर जातात आणि विषय संपला असं समजतात. सर्वात मोठं नुकसान इथे होतं. बोट अर्धवट गेलं असेल, सांधा वाकत नसेल, पकड राहिली नसेल, दिसणं किंवा ऐकणं कमी झालं असेल, तर शाखा कार्यालयात कायमच्या अपंगत्वासाठी अर्ज करा. परत कामाला लागलात, पगार तोच मिळतो, तरी ही पेन्शन मिळते. दोन्ही एकत्र घेता येतात.

मग मेडिकल बोर्ड, म्हणजे अपंगत्वाचे टक्के ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ, तुम्हाला तपासतं. बोर्डासमोर जाताना पहिल्या दिवसाचा केस पेपर, सगळे एक्स-रे, ऑपरेशनच्या नोंदी घेऊन जा. परिशिष्टात नाव असलेल्या दुखापतीला टक्के ठरलेले असतात, पण सांधा अडकणं किंवा पकड कमी होणं याचं मूल्य बोर्ड ठरवतं. तेव्हा "दुखतं" एवढंच सांगू नका. कोणतं काम होत नाही ते दाखवा: पाना धरता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही, १० किलोचा डाय (प्रेसचा साचा) उचलता येत नाही. ठरलेले टक्के कमी वाटले तर निर्णय कळल्यापासून ३ महिन्यांत अपील करता येतं. पत्र कोणत्या तारखेला हातात पडलं ते पाकिटावर लिहून ठेवा.

अपघातात कामगार दगावला तर अवलंबून असलेल्या कुटुंबाला मासिक पेन्शन मिळते आणि अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. घरच्यांनी आयपी नंबर शोधून शाखा कार्यालय गाठावं, कंपनीच्या भरवशावर थांबू नये.

उपचारातच चूक झाली तर

टाके पिकले, हाड वाकडं जुळलं, म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही. चांगल्या डॉक्टरकडूनही निकाल वाईट येऊ शकतो. प्रश्न असा विचारायचा: या परिस्थितीत साधारण कौशल्याचा डॉक्टर जे करेल ते केलं गेलं का? जखमेत लोखंडाचा तुकडा राहिला आणि एक्स-रेच काढला नाही, चुकीच्या बोटावर ऑपरेशन झालं, ही वेगळी गोष्ट आहे.

"ईएसआय फुकट आहे, तिथे तक्रार चालत नाही" हे खोटं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं की वर्गणी भरलेली असल्यामुळे ईएसआय हॉस्पिटलमधली सेवा ग्राहक कायद्याखाली येते. आधी केस पेपरची प्रत लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत ती द्यावी लागते. मग त्याच विषयाच्या दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत घ्या, कारण त्याशिवाय ग्राहक आयोगासमोर बहुतेक दावे टिकत नाहीत. तक्रारीची मुदत २ वर्षं आहे. डॉक्टरच्या वागणुकीबद्दलची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, पण तिथे डॉक्टरवर कारवाई होते, तुम्हाला भरपाई मिळत नाही.

पैसे किंवा उपचार कुठेही अडले तर ईएसआयसीचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे. तिथे बोलताना तक्रारीचा क्रमांक विचारून लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर तो टाका.