आधी जॉब गार होऊ द्या: ॲल्युमिनियमचा वॉटर-कूल्ड सिलिंडर

नाशिकजवळच्या अंबडमधल्या माझ्या शेडमध्ये कॉलेजची पोरं रेसिंगची इंजिनं घेऊन येतात आणि पहिला प्रश्न एकच विचारतात, "काका, मोठ्या बोअरचा सिलिंडर किती दिवसांत होईल?" बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक. मशीनवरचं काम दोन दिवसांचं. बाकी वेळ जॉब, म्हणजे मशीनवर कापायला घेतलेला तुकडा, गार होण्याची वाट बघण्यात जातो, आणि ज्याला ती बघवत नाही त्याचा सिलिंडर फसतो.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मूळचं वॉटर-कूल्ड आहे, फक्त सिलिंडर नवा हवा, असं धरून सांगतो. जुना सिलिंडर टाकू नका. उंची, स्टडचे आणि डॉवेलचे सेंटर, टायमिंग चेनची खिडकी, क्रँककेसमध्ये उतरणारा गळा, सगळी मापं त्याच्यावरूनच घ्यायची. मटेरियल ६०६१-टी६, म्हणजे उष्णता देऊन कडक केलेलं ॲल्युमिनियम. ७० मिमी बोअरसाठी मी १५० × १४० × १०० मिमीचा तुकडा घेतो, साडेपाच किलोच्या वरच भरतो. भंगारातला "ॲल्युमिनियमच आहे की" म्हणून दिलेला तुकडा घेऊ नका. ग्रेड माहीत नसेल तर पुढचा सगळा हिशोब हवेत.

एन्डमिल, म्हणजे बाजूनेही कापणारं टूल, तीन फ्लूटची (धारांची), पॉलिश केलेली, बिनकोटिंगची. ॲल्युमिनियम टूलला चिकटतं आणि मग कापत नाही, खरवडतं. कापताना गार ठेवणारं कूलंट सोडता येत नसेल तर ब्रशने रॉकेल लावा, पण बिडी शेडच्या बाहेर.

पाण्याची खाच मी डेकच्या, म्हणजे हेड बसतं त्या वरच्या बाजूने उतरवतो, ८ मिमी रुंद, ४५ मिमी खोल. बोअरभोवती ॲल्युमिनियमची ६ मिमी भिंत ठेवतो. खाच सलग गोल फिरवू नका. पिस्टन पुढच्या आणि मागच्या बाजूला रेटतो, तिथे ८ मिमीची एकेक रिब (न कापलेली आडभिंत) ठेवा, नाहीतर भिंत वरून मोकळी राहते आणि थरथरते. पाणी आत घ्यायचं भोक पुढच्या रिबवरच, तळाशी, १६ मिमीचं. रिबपेक्षा भोक मोठं, म्हणून रिब तेवढ्या उंचीत कापली जाते आणि पाणी डावी-उजवीकडे आपोआप वाटलं जातं. हे भोक शेवटपर्यंत ड्रिलने मारू नका. एकदा मी मारलं, ड्रिलची चोच आतल्या भिंतीतून बाहेर आली आणि दीड दिवसाचं काम भंगारात गेलं. शेवटचे पाच मिमी एन्डमिलने, सपाट तळ काढून.

आता लायनर, म्हणजे आत बसणारी नळी. ओतीव लोखंडाचा, बाहेरून ७७ मिमी, वर कॉलर (बाहेर आलेली कड). ॲल्युमिनियमचं भोक त्याच्यापेक्षा ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) लहान. एवढं का? ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं. इंजिन तापल्यावर पाण्याजवळची भिंत ९० अंशांवर आणि लायनर समजा १३० वर गेला, तर पकड साधारण २६ मायक्रॉनने सैल होते. ७० ठेवले तर चाळीसच्या वर उरतात. तीसच ठेवले तर लायनर जवळजवळ मोकळा.

पोरं इथेच चुकतात. फिनिश कट झाला की लगेच बोअर गेज घालतात. जॉब नुसता १५ अंशांनी गरम असला तरी ७७ चं भोक २६ मायक्रॉन मोठं दाखवतं, म्हणजे पकडीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग तिथेच गेला. डिसेंबरात निफाडकडची थंडी शेडमध्ये शिरते तेव्हा सकाळचं आणि दुपारचं माप जुळत नाही. एप्रिलमध्ये तर बोलायलाच नको. म्हणून शेवटच्या कटाला थोडं मटेरियल राखून जॉब रात्रभर ठेवतो. लायनर आणि मायक्रोमीटरही त्याच टेबलावर. सकाळी चहाच्या आधी माप.

बसवताना ब्लॉक ओव्हनमध्ये १५० अंशांवर, पूर्ण तापेपर्यंत. त्याच्या फार वर नेऊ नका, टी६ चा कडकपणा उतरू लागतो. गॅसची शेगडी तर नकोच. भोक दोन दशांश मिमीच्या वर फुगतं, लायनर हाताने सरकतो. ठोकावा लागला तर थांबा, काहीतरी चुकलंय. आत बसला की वरून वजन ठेवा आणि गार होईपर्यंत हलवू नका. आकसताना ॲल्युमिनियम त्याला वर उचलतं.

गार झाल्यावर डेक आणि कॉलर एकत्रच फेस (सपाट) करा. बोअर फायनल करायच्या आधी जाड प्लेट लावून स्टड खऱ्या टॉर्कने आवळा, कारण आवळल्यावर बोअरचा आकार बदलतो. त्याच अवस्थेत होनिंग (दगडाने बारीक घासणं), रेघा साधारण ४५ अंशांत. पिस्टनचा क्लिअरन्स पिस्टनवाल्याच्या कागदावरूनच घ्या, माझ्याकडून नको.

होनिंगनंतर साबणाच्या कोमट पाण्याने घासा. पांढरं फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत. मग लगेच तेल.

शेवटी खाचा रबराने बंद करून दीड बार हवा भरा, अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे नाहीत तर काम झालं. आणि हो, या बोअरला बोअरवेलचं पाणी पाजू नका. क्षारांनी खाच बुजते. इंजिनात भरायच्या कूलंटचा डबा मी बिलातच लावतो, म्हणजे वाद नको.