बारीक जाळीचा मोह: हौशी विमानांच्या इंधनप्रणालीवर काम शिकणाऱ्यांसाठी

आमच्या शेडमध्ये लहान, हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या विमानांचं काम शिकायला येणारी बरीच मुलं किनाऱ्यावरचीच असतात. कुणी आयटीआय केलेलं, कुणी डिप्लोमावालं, कुणी बारावी सायन्स करून एएमईला, म्हणजे विमान देखभाल अभियंता व्हायला, जायच्या तयारीत. कुणाचा काका हर्णैला बोटीवर, कुणाचा मामा मिरकरवाड्यात. डिझेल फिल्टर त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असतो. तरी पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "दादा, मिळेल तो सगळ्यात बारीक फिल्टर टाकूया ना? कचरा अजिबात जाणार नाही."

हाच मोह आधी सोडायचा. जाळी जितकी बारीक, तितकी ती लवकर भरते. बोटीचं इंजिन बंद पडलं तर नांगर टाकता येतो, दुसरी बोट ओढून आणते. टेकऑफनंतर दोनशे फुटांवर इंजिनाला पेट्रोल कमी पडलं तर वैमानिकाच्या हातात काही सेकंद असतात. फिल्टर निवडताना आधी बघायचं ते इंजिनापर्यंत पेट्रोल पुरेसं पोचतं का. काय अडतं ते त्यानंतर.

म्हणून गाळणी टप्प्याटप्प्याने येते. टाकीतून पेट्रोल बाहेर पडतं तिथे जाड जाळीचा, बोटाच्या आकाराचा फिंगर स्ट्रेनर. लहान प्रमाणित विमानांच्या जुन्या अमेरिकन नियमांत पिस्टन इंजिनासाठी इंचाला ८ ते १६ छिद्रांची जाळी सांगितली होती, आणि जाळीचं मोकळं क्षेत्रफळ नळीच्या पाचपट तरी हवं. हौशी विमानाला तो नियम बंधनकारक नसला, तरी त्यामागचा विचार उचलण्यासारखा आहे: जाळी मोठी असली की अर्धी भरली तरी वाट बंद होत नाही. पुढे सगळ्यात खालच्या जागी गॅस्कोलेटर, म्हणजे पाणी आणि गाळ तळाशी साठवणारी जाळीची वाटी. रोटॅक्स ९१२ या लहान विमानांच्या पिस्टन इंजिनाला पंपाआधीची बारीक जाळी ०.१ मिमीची चालते. गाडीच्या दुकानातला कागदी फिल्टर स्वस्त आणि सहज मिळतो, पण पाणी लागलं की कागद फुगतो आणि प्रवाह अडतो. आपल्या हवेत तो नकोच.

प्रवाह मोजून बघा, अंदाजावर सोडू नका. १०० अश्वशक्तीचं ९१२ टेकऑफला तासाला सुमारे २७ लिटर पितं. पंपाच्या प्रणालीत त्याच्या १२५ टक्के प्रवाह हवा, म्हणजे मिनिटाला साधारण ५६५ मिली. नुसत्या उतारावर चालणाऱ्या प्रणालीत १५० टक्के. विमानाचं नाक चढाईच्या कोनात उचलायचं, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवायचं, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मोजपात्रात घ्यायची आणि घड्याळ लावायचं. दारं सताड उघडी, अर्थिंग जोडलेलं, अग्निशामक हाताशी. हे नसेल तर चाचणी करायचीच नाही.

पाण्याचं प्रकरण आपल्याकडे जास्त अवघड आहे. अर्धी रिकामी टाकी जून ते सप्टेंबर शेडमध्ये उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पावसाचंही शिरतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते ओलावा शोषून घेतं, आणि मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र खाली बसतात. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो तो वेगळाच. रोटॅक्सची ९१२ साठीची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे. म्हणून मी १००एलएल हे विमानाचं पेट्रोल वापरा म्हणतो. त्यात शिसं असतं, तेव्हा तेल लवकर बदलावं लागतं, ते सोसायचं.

ड्रेन करताना, म्हणजे तळाचं थोडं पेट्रोल काढून बघताना, पारदर्शक बाटली उजेडात धरा. तळाशी फिरणारा थेंब दिसला की पाणी कळतं. फसवं असतं ते पूर्ण पाण्याचं सॅम्पल: त्यात वेगळा थरच दिसत नाही, बाटली कशी नितळ! १००एलएल निळसर असतं, म्हणून रंग बघा, वास घ्या. शेपटीखाली चाक असलेलं टेलव्हील विमान जमिनीवर शेपटीवर बसलेलं असतं, तेव्हा पाणी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जातं. पंख हलवून, थोडं थांबून पुन्हा काढा.

नव्या विमानात सगळ्यात जास्त कचरा बांधणाऱ्याचाच असतो. पहिल्या उड्डाणांच्या काळात जाळी वरचेवर काढा आणि पांढऱ्या फडक्यावर झटका. चमकणारा आणि चुंबकाला न चिकटणारा कीस म्हणजे ड्रिलिंगचं ॲल्युमिनियम. पांढरे तंतू म्हणजे फायबरच्या टाकीची घासाई. काळी सालपटं म्हणजे नळी जोरात सरकवताना खरवडलेलं रबर. कचरा कुठून आला ते कळल्याशिवाय नुसती जाळी धुऊन परत बसवू नका.

ज्यांना यात पुढे जायचंय त्यांनी एएमईच्या बी१.२ कॅटेगरीकडे बघावं, ती पिस्टन इंजिनाच्या विमानांची. मॉड्यूल १६ पिस्टन इंजिनाचं. ते पाठ करण्याआधी एक गॅस्कोलेटर स्वतः उघडा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते आपल्या मुलांना माहीत असतं. त्यांना डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी मिळवायला किती वर्षं झगडावं लागलं, तेही वाचा. कागदपत्रं हा या कामाचा अर्धा भाग आहे.

जाळी बसवली की जोड सैल होऊ नये म्हणून लॉकवायर (अडकवायची तार) मारा, बूस्ट पंप (विजेवरचा जादा इंधनपंप) चालू करून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, जाळीत काय सापडलं ते इंजिनाच्या तासांसकट लॉगबुकात लिहा. मगच काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, लावा.