महाविद्यालयाचं वेळापत्रक: अडणारं आधी बसवा, मोकळं शेवटी

वेळापत्रक फसतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. प्रत्येक विभाग आपल्या तासिका आपल्या सोयीने मांडून देतो, समिती त्या एकत्र करते आणि खोल्या सगळ्यांत शेवटी वाटते. तेव्हा लक्षात येतं की मंगळवारी दहाला वर्ग सोळा आहेत आणि खोल्या चौदा. म्हणून ज्याला हलायला सगळ्यांत कमी वाव आहे ते आधी बसवायचं, आणि तासिका मांडतानाच तिची खोलीही लिहायची. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं, मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून निवडायचा विषय) यांमुळे शाखांच्या भिंती गेल्या. त्यानंतर तर हा क्रम टाळताच येत नाही.

पेन हातात घेण्याआधीचा हिशेब

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ घड्याळी तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर ४ क्रेडिटच्या थिअरीला आठवड्याला ४ तास लागतात. तासिका ६० मिनिटांची असेल तर प्रश्नच नाही. ४८ मिनिटांची असेल तर ४ क्रेडिटला पाच तासिका अचूक बसतात, पण २ क्रेडिटला अडीच लागतात. दोनच दिल्या तर सत्रात ३० ऐवजी २४ तास भरतात आणि हे सत्राच्या शेवटी, अभ्यासक्रम उरल्यावर कळतं. त्याच तुकडीचे २ क्रेडिटचे दोन विषय जोडीने घ्या, दोघांना मिळून पाच तासिका द्या आणि पाचवी तासिका एका आठवड्यात एकाला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला द्या. वेळापत्रकात त्या चौकोनात दोन्ही विषय आणि दोन्ही शिक्षक लिहा.

खोल्यांची यादी नकाशावरून करू नका. प्रत्येक खोलीत जाऊन बाकं मोजा. तिघांच्या बाकांच्या खोलीत धड २० बाकं असतील तर ती ६० जणांची, मग दारावर काहीही लिहिलेलं असो. मजला, लिफ्ट, प्रोजेक्टर आणि शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, हेही टिपा. व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी ज्या तुकडीत आहे तिला तळमजला द्या. त्याचा ओपन इलेक्टिव्ह आणि त्याचं प्रॅक्टिकलही पोहोचता येईल अशाच ठिकाणी हवं, आणि नेमकं हेच सुटतं. इमारत कनिष्ठ महाविद्यालयाबरोबर वाटून घेत असाल तर कोणती खोली किती वाजता मोकळी होते ते लेखी घ्या.

१४ खोल्या, ६ दिवस, रोज ६ तासिका म्हणजे ५०४ चौकोन. यातले सव्वाचारशेच्या आत भरायचे. त्याहून जास्त भरले तर एका शिक्षकाची एक तासिका हलवायला सहा जणांच्या तासिका हलवाव्या लागतात.

पहिला मान सामायिक वेळेचा

ओपन इलेक्टिव्ह, मायनर आणि भाषांचे क्षमतावर्धक विषय यांत वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र बसतात, त्यामुळे त्यांची वेळ सगळ्या तुकड्यांना एकच ठेवावी लागते. प्रथम वर्षाला ६०० मुलं आणि ६० जणांचे दहा ओपन इलेक्टिव्ह असतील तर त्या तासाला दहा खोल्या एकदम जातात. चौदापैकी उरल्या चार. त्या वेळी द्वितीय आणि तृतीय वर्षाची थिअरी चारच तुकड्यांना मिळेल, म्हणून बाकीच्यांची प्रॅक्टिकल तिथे टाका. तरीही जमत नसेल तर प्रथम वर्षाचे दोन गट करा: कला आणि वाणिज्य एका वेळेला, विज्ञान दुसऱ्या. मात्र मग वाणिज्यचा विद्यार्थी विज्ञानच्या मुलांबरोबर बसू शकत नाही. विषयांची यादी जाहीर करण्याआधीच हे ठरवा. मुलांनी पसंती भरल्यावर गट पाडले तर प्रवेश पुन्हा करावे लागतात.

ही सामायिक वेळ दिवसाच्या टोकाला ठेवू नका. शेवटच्या तासाला ठेवली की एसटीच्या पासावर येणारी मुलं गाडीच्या वेळेला उठून जातात. दुसरा किंवा तिसरा तास चांगला.

मग प्रयोगशाळा

एका प्रयोगशाळेत २० जणांची बॅच आणि तुकडी १२० ची, म्हणजे सहा बॅच. २ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला आठवड्याला ४ तास, म्हणजे एकाच विषयाला प्रयोगशाळेचे २४ तास. त्यात द्वितीय आणि तृतीय वर्ष मिळवलं की कुठे अडणार ते कागदावरच दिसतं. बॅच फिरत्या ठेवा: सोमवारी पहिली बॅच रसायनला तर दुसरी भौतिकला, तिसरी वनस्पतिशास्त्राला, दुसऱ्या दिवशी एक घर पुढे. असं केलं की एका वेळी तीन प्रयोगशाळा चालतात आणि त्या तीन बॅचपैकी एकही रिकामी बसत नाही.

दोन बॅचमध्ये अर्धा तास सोडा. काचसामान धुणं, द्रावणं भरणं ही कामं प्रयोगशाळा परिचरालाच करायची असतात. वेळ दिला नाही तर दुसरी बॅच वीस मिनिटं उभी राहते. सूक्ष्मजीवशास्त्राचं गणित आणखी वेगळं आहे. जिवाणू वाढवायचं माध्यम आदल्या दिवशी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करावं लागतं, म्हणून सोमवारी सकाळचं प्रॅक्टिकल टाळा. प्लेट साधारण २४ तासांनी पाहायची असते, म्हणून एका बॅचच्या प्रॅक्टिकलचे दोन भाग लागोपाठच्या दिवशी हवेत. शनिवारी लावलेली प्लेट सोमवारी पाहिली तर वाढ जास्त होऊन वसाहती एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि मोजता येत नाहीत.

माणसं

तासिका तत्त्वावरचे बरेच प्राध्यापक दोन महाविद्यालयांत शिकवतात. ते कोणत्या दिवशी येऊ शकतात ते लेखी घ्या आणि पूर्णवेळ शिक्षकांच्या आधी त्यांचे तास बसवा. पूर्णवेळ शिक्षकांसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. सलग तीनपेक्षा जास्त तासिका कुणालाही देऊ नका. मधे इमारत बदलावी लागत असेल तर तीनही सलग नकोत.

यानंतर १२० च्या तुकड्या मोठ्या खोल्यांत बसवा. उरलेल्या थिअरीला मग फारसा त्रास होत नाही.

तपासणी

चौकोनी तक्ता छापायला ठीक, तपासायला निरुपयोगी. एक्सेलमध्ये एका ओळीत एकच तासिका ठेवा: दिवस, तास, तुकडी, विषय, शिक्षक, खोली. शेजारी तीन रकाने करा. पहिल्यात दिवस-तास-खोली जोडून लिहा, उदाहरणार्थ ‘सोम-३-२०४’. दुसऱ्यात दिवस-तास-शिक्षक, तिसऱ्यात दिवस-तास-तुकडी. प्रत्येक रकान्यात काउंटइफने (नोंदी मोजणाऱ्या सूत्राने) एकापेक्षा जास्त वेळा आलेली नोंद शोधली की सगळे क्लॅश समोर येतात. ओपन इलेक्टिव्हला तुकडीच्या जागी गटाचं नाव लिहा, आणि प्रॅक्टिकलला बॅचचं. नाहीतर खोटे क्लॅश दिसतील. मात्र तुकडीच्या थिअरीच्या वेळी तिची एखादी बॅच प्रयोगशाळेत तर नाही, हे मग डोळ्यांनी पाहावं लागतं. एकाने २०४ मराठी आकड्यांत लिहिलं आणि दुसऱ्याने इंग्रजीत, किंवा नावामागे एक स्पेस राहिली, तर एक्सेलला त्या दोन वेगळ्या खोल्या वाटतात आणि खरा क्लॅश लपतो. म्हणून खोली आणि शिक्षक टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाउनमधून निवडायला लावा.

तुकड्या खूप असतील तर फेट (FET) हे वेळापत्रक लावून देणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या. सुरुवातीला फक्त अटळ अटी शंभर टक्क्यांवर द्या आणि ते एकदा पूर्ण सुटतंय का पाहा. ‘सोमवारी लवकर नको’ असल्या पसंती त्यानंतर एकेक करून, कमी टक्क्यांनी घाला. सगळ्या एकदम घातल्या आणि गाडी अडली तर कोणत्या अटीमुळे अडली ते शोधण्यात आठवडा जातो.

लावल्यानंतर

प्रथम वर्षाचे प्रवेश चालू असतात, म्हणून त्यांचं वेळापत्रक ‘तात्पुरतं’ म्हणूनच लावा. द्वितीय आणि तृतीय वर्षाचं पक्कं. प्रत्येक प्रतीवर तारीख आणि आवृत्ती क्रमांक हवाच, कारण मुलांच्या मोबाइलवर जुने फोटो फिरत राहतात. दोन आठवड्यांनंतरचा कोणताही बदल एकाच व्यक्तीने मूळ फाइलमध्ये करावा आणि मगच फलकावर जावा.

दुसऱ्या सत्राला पर्यायी वेळापत्रक आधीच तयार ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावीचं केंद्र तुमच्या इमारतीत असेल तर पेपरच्या वेळी निम्म्या खोल्या बंद असतात. त्या आठवड्यांसाठी थिअरी दुपारी आणि प्रॅक्टिकल सकाळी अशी अदलाबदल करा. बोर्ड आपलं वेळापत्रक बरंच आधी जाहीर करतं, त्यामुळे हे काम डिसेंबरच्या सुट्टीआधी होऊ शकतं.