इंटर्नशिप करताय आणि तिथेच नोकरी हवीये?

ऑफर शेवटच्या आठवड्यात ठरत नाही, पोस्ट आणि बजेट मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून निम्मी इंटर्नशिप झाली की मॅनेजरला सरळ विचारा, "मला इथेच फुल-टाइम करायचंय, माझं काय कमी पडतंय?" आणि सांगतील ते लगेच लिहून घ्या.

पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा, रोज दोन ओळी. "रिपोर्टवर काम केलं" असं नको, "३ तासांचा रिपोर्ट आता २० मिनिटांत होतो" असं लिहा, कारण मॅनेजरला वरती तुमची बाजू मांडताना हेच वाक्य कामी येतं, खरंच! अडलात तर एकटे झुंजत बसू नका, काय काय करून बघितलं ते सांगून मदत मागा. जाताना हँडओव्हर नीट द्या, म्हणजे तुमचं काम पुढच्याला नीट समजावून सोपवा, आणि ऑफर तोंडी मिळाली तर ईमेलवर मागून घ्या.